ओंडके, माती आणि उतार : मुलांसाठी नैसर्गिक लाकडी क्रीडांगण कसे उभारावे

लाकडी क्रीडांगणाचा आराखडा बहुतेक वेळा खेळण्यांच्या यादीपासून सुरू होतो. एक घसरगुंडी, एक झोका, चढायला जाळी. मग जागा सपाट करायची आणि ती यादी तिच्यावर मांडायची. नैसर्गिक क्रीडांगणात हा क्रम उलटा असतो. आधी पाणी, उतार आणि सावली, मग माती, आणि लाकूड सगळ्यात शेवटी. माती नीट रचली तर निम्मे क्रीडांगण एकही ओंडका न लावता तयार होते.

धोक्याचा विचारही सुरुवातीलाच करावा लागतो. उंच ओंडका, हलणारा पूल, तीव्र चढ हे मुलाला दिसते. ते थबकते, अंदाज घेते, जमले तर पुढे जाते. असा धोका ठेवायचा, कारण खेळाची गंमत त्यातच आहे. मान अडकेल अशी फट, पडल्यावर मार लागू नये म्हणून पसरलेल्या लाकडी ढलप्यांखाली दडलेली काँक्रीटची कड, आतून पोखरलेला खांब हे मात्र मुलाला कळूच शकत नाही. हे धोके शोधून काढणे बांधणाऱ्याचे काम. पुढची बहुतेक मापे त्यासाठीच आहेत. ती मुख्यतः ईएन 1176 या युरोपीय मानकाला धरून आहेत. आपल्या भागात वेगळा नियम लागू असेल तर तो पाळा.

जागा पाहणे आणि आखणे

जोरदार पावसानंतर तासाभराने जागेवर जा. पाणी कुठे साचले, कुठून वाहिले, ते खुंट्या ठोकून दाखवून ठेवा. जिथे पाणी थांबते तिथे खांब नको, वाळूचा खड्डाही नको. नंतर कडक उन्हाच्या दिवशी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन वेळांच्या सावल्या कागदावर उतरवा. लहान मुलांचा कोपरा आणि वाळू दुपारच्या सावलीत हवी. पत्र्याच्या घसरगुंडीवर दुपारचे ऊन थेट पडू देऊ नका, तापलेला पत्रा भाजतो.

जुनी झाडे असतील तर ती क्रीडांगणातली सर्वांत मोलाची गोष्ट. खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ आखा आणि त्यात खणू नका, भराव टाकू नका, ट्रक किंवा जेसीबी फिरवू नका. 40 सेंमी व्यासाच्या खोडाला ही त्रिज्या 4.8 मीटर येते. बहुतेक मुळे वरच्या 60 सेंमी मातीत असतात. खोडाभोवती भराव घातला की त्यांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. तीनचार वर्षांनी फांद्या वाळू लागतात, तोवर कारण कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. वाळलेल्या फांद्या आधीच उतरवून घ्या.

आता चुन्याच्या फक्कीने जमिनीवरच आखणी करा. कागदावरची मापे जागेवर फसवतात. तीन वर्षांखालच्या मुलांचा भाग मोठ्यांच्या धावपळीच्या वाटेवर येता कामा नये. बसणाऱ्या मोठ्या माणसांना दोन्ही भाग दिसावेत. झोका हवाच का, याचाही निर्णय इथेच घ्या. जमिनीवर सुट्या ढलप्या किंवा वाळू असेल, तर 2 मीटर लांबीच्या दोराला पुढे आणि मागे प्रत्येकी सुमारे 4 मीटर जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणजे एकूण 8 मीटर लांबीचा पट्टा. त्यात दुसरे काही ठेवता येत नाही. 150 ते 200 चौरस मीटरच्या जागेत आमचा सल्ला झोका वगळण्याचाच आहे. एक-दोन मुले झुलतात आणि बाकीच्यांची जागा जाते.

मातीचा टेकाड

घसरगुंडीसाठी मचाण बांधण्यापेक्षा मातीचा टेकाड करा आणि घसरगुंडी उतारावर टेकवा. दोन्ही बाजूंना जमीन लागून असल्याने पडण्याची उंची जवळपास नाहीशी होते. कठडा, शिडी, खोल पाया यांचाही खर्च वाचतो.

1.2 मीटर उंच, वर 2 मीटर व्यासाचा सपाट माथा आणि 1:2 उतार (दर 1 मीटर चढाला 2 मीटर आडवे अंतर) असा टेकाड धरला, तर पायथ्याचा व्यास 6.8 मीटर होतो आणि दाबून बसलेली माती सुमारे 20 घनमीटर लागते. सुटी माती बसल्यावर आक्रसते, म्हणून 25 घनमीटर मागवा. घसरगुंडीच्या बाजूचा उतार थोडा तीव्र, 1:1.5 ठेवा. हा कोन साधारण 34 अंशांचा होतो आणि सरकत्या भागाची लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास येते. सरासरी उतार 40 अंशांच्या वर नेऊ नये. खालचे टोक जमिनीपासून फार तर 35 सेंमी वर असावे आणि त्याच्यापुढे 2 मीटर जागा मोकळी असावी.

माती एकदम ओतू नका. 20 ते 25 सेंमीचा थर, थोडे पाणी, धुमसून घट्ट करणे, मग पुढचा थर. वरचे 15 सेंमी मात्र सुपीक मातीचे आणि कमी दाबलेले ठेवा, नाहीतर गवत धरत नाही. मुले चढतात ती वाट पहिल्या महिन्यातच उघडी पडते आणि पावसात तिची घळ होते. त्या वाटेवर आधीच 15 ते 20 सेंमी जाडीचे आडवे ओंडके पायऱ्यांसारखे बसवा. वाट कोणती हे मुलांनाच ठरवू द्या. दोन आठवडे थांबलात तर गवतावर ती आपोआप उमटते.

लाकडाची निवड

लाकूड टिकते ते गाभ्यामुळे. सालीखालचा पांढरा भाग कोणत्याही जातीचा असो, जमिनीला लागला की लवकर कुजतो. सागाच्या नावाने घेतलेला ओंडका कोवळा आणि बहुतांशी पांढरा असेल तर तो साग असून नसल्यासारखा. म्हणून घेताना जात विचाराच, पण कापलेले टोकही बघा. गडद गाभा व्यासाच्या किती भागात आहे, हे तिथेच कळते. सागाचा गाभा टिकाऊपणाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत टिकाऊ, वर्गात येतो. युरोपात या कामासाठी वापरली जाणारी रॉबिनिया पहिल्या-दुसऱ्या वर्गात बसते. तिची साल विषारी असल्याने ती पूर्ण काढावीच लागते. चीड किंवा पाइनचे लाकूड जमिनीत गाडायचे असेल तर कारखान्यात दाबाखाली प्रक्रिया केलेलेच घ्या, वरून लावलेले तेल पुरत नाही. नीलगिरीचे ओंडके सरळ आणि स्वस्त मिळतात, पण ते जोरात फाटतात. उंचावर ती नको.

रेल्वेचे जुने स्लीपर दिसायला छान असतात, तरी ते घेऊ नका. त्यांत क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल मुरलेले असते. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणाने प्रक्रिया केलेले जुने हिरवट लाकूडही नको. अमेरिकेत 2003 अखेरीस घरगुती वापरासाठी आणि खेळण्यांसाठी ते बंद झाले, पण मोडीत अजून सापडते.

साल सगळीच काढा. सालीखाली ओल राहते, किडे अंडी घालतात आणि वर्षभरात ती सुटून पायाखालून निसटते. पहार किंवा कुदळीने काढल्यावर पॉलिश पेपरने गुळगुळीत करण्याची गरज नाही. हाताला लागणारे कुसळ मात्र राहू नये. कापलेली प्रत्येक कड किमान 5 मिमी गोल करा.

जाड ओंडका पूर्ण वाळायची वाट पाहता येत नाही, त्याला अनेक वर्षे लागतील. तो बसवल्यावर वाळणार आणि वाळताना फाटणार. कुठे फाटायचे ते मात्र आपण ठरवू शकतो. आडव्या ओंडक्याच्या खालच्या बाजूने, पूर्ण लांबीभर, मध्यापर्यंत जाणारा एक करवतीचा छेद द्या. आकुंचनाचा ताण तिथे मोकळा होतो, छेद रुंदावतो आणि चढणाऱ्या बाजूला मोठी भेग पडण्याची शक्यता बरीच कमी होते. हा छेद चुकून वर आला तर त्यात पाणी भरते आणि ओंडका आतून कुजतो. बसवताना दिशा दोनदा तपासा.

खांब रोवणे

रोवलेला खांब सगळीकडून सारखा कुजत नाही. जमिनीच्या पातळीच्या वरखाली साधारण 20 ते 30 सेंमीच्या पट्ट्यात बुरशीला ओल आणि हवा दोन्ही मिळतात, आणि खांब तिथेच बारीक होत जातो. खोलवर लाकूड ओले असते पण हवा नसते. वर हवा असते पण ऊन लाकूड सुकवते. म्हणून पाच वर्षांनी वरून ठणठणीत दिसणारा खांब जमिनीलगत मोडतो. सगळी मेहनत या पट्ट्यासाठी असते.

जमिनीवर 1.8 मीटर राहणाऱ्या खांबासाठी हे करा:

1. खड्डा 95 सेंमी खोल खणा. रुंदी खांबाच्या व्यासापेक्षा प्रत्येक बाजूने 15 सेंमी जास्त.
2. तळाला 15 सेंमी खडी (20 ते 40 मिमी) टाकून धुमसा. खांब खडीवर उभा राहील, त्याखाली काँक्रीट नको. काँक्रीटचा बंद तळ पाणी धरून ठेवतो.
3. खांबाचे जाड टोक खाली ठेवून तो 80 सेंमी खोल उभा करा. ओळंबा दोन बाजूंनी धरा आणि आडव्या पट्ट्यांनी आधार द्या.
4. भोवती खडी 15 सेंमीच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठासा. घाईत दोन थर एकदम भरले की खांब महिन्याभरात डुगडुगतो.
5. वरचे टोक तिरके कापा किंवा घुमटासारखे गोल करा. सपाट टोकावर पाणी थांबते आणि उभ्या नळ्यांमधून थेट गाभ्यात उतरते.

उंच चौकट, झोका किंवा पूल पेलणाऱ्या खांबांना खडी पुरत नाही. तिथे गॅल्व्हनाइज्ड लोखंडी बूट (खांबाचे खालचे टोक धरणारा आधार) काँक्रीटमध्ये बसवून लाकूड जमिनीपासून किमान 5 सेंमी वर ठेवा. वाळवीच्या प्रदेशात ही पद्धत सगळ्याच खांबांना वापरलेली बरी. वाळवी येते तेव्हा उघड्या बुटावर तिची मातीची वाट तरी दिसते. काँक्रीटचा माथा खेळण्याच्या पृष्ठभागापासून 40 सेंमी खाली असावा. माथा गोलाकार उतरता केला असेल तर 20 सेंमी चालते. ढलप्या पायांनी सरकतात आणि वर ठेवलेली कड काही आठवड्यांत उघडी पडते.

सागात आणि ओकमध्ये साधे खिळे-बोल्ट वापरू नका. त्या लाकडातल्या द्रव्यांची लोखंडाशी क्रिया होऊन भोवती काळे डाग पडतात आणि बोल्ट झिजतो. 304 दर्जाचे स्टेनलेस घ्या, समुद्राजवळ 316. बोल्टचे डोके आणि नट लाकडात खोल बसवा. लाकूड आकसते म्हणून मोठे वॉशर लावा आणि पहिल्या वर्षी दोनदा नट आवळा.

आडवे ओंडके आणि तोलाची वाट

30 सेंमी व्यासाच्या 3 मीटर ओल्या ओंडक्याचे वजन सुमारे 200 किलो असते. 50 सेंमी व्यासाचा 4 मीटर लांब ओंडका पाऊण टनाच्या आसपास जातो. 'एवढा जड आहे, कशाला हलतोय' हा या कामातला सर्वांत महागडा गैरसमज. वजनामुळेच तो उतारावर घरंगळतो आणि त्याखाली सापडलेला पाय सुटत नाही. प्रत्येक आडवा ओंडका एकतर व्यासाच्या चौथ्या भागाइतका जमिनीत रुतवा, नाहीतर दोन आडव्या लाकडांत खाच काढून त्यात बसवा आणि 16 मिमी सळईने आरपार जोडा. मग दोन मोठ्या माणसांनी एका टोकावर उड्या मारून पाहा. किंचित जरी हलला तर पुन्हा बसवा.

तोल सांभाळण्याच्या वाटेसाठी 20 ते 25 सेंमी व्यासाचे, 3 ते 4 मीटर लांब ओंडके 30 ते 40 सेंमी उंचीवर पुरेसे होतात. उभ्या ठोकळ्यांची वाट करायची असेल तर 25 ते 30 सेंमी व्यासाचे ठोकळे, उंची 15 ते 50 सेंमी, मधले अंतर 30 ते 40 सेंमी. जमिनीवर जितकी उंची तितके तरी जमिनीत हवे आणि 40 सेंमीपेक्षा कमी कधीच नको. उंची आणि अंतर मुद्दाम असमान ठेवा. सारख्या अंतरावरच्या वाटेचा मुलांना दोन दिवसांत कंटाळा येतो. पावसात कापलेला सपाट माथा निसरडा होतो, म्हणून त्यावर करवतीने 3 ते 4 मिमी खोल चौकटीच्या रेघा मारा.

फटी आणि बेचक्या

हा भाग वाचायला कंटाळवाणा आहे. गंभीर अपघात मात्र इथेच होतात. पाय जातात, धड जाते आणि डोके अडकते, अशी फट सर्वांत वाईट, कारण मूल तिथे मानेवर लटकते. म्हणून जमिनीपासून 60 सेंमीच्या वर असलेली, सगळ्या बाजूंनी बंद अशी कोणतीही फट 89 मिमीपेक्षा लहान हवी, नाहीतर 230 मिमीपेक्षा मोठी. मधले काहीही नको. तपासायला प्लायवुडचे दोन तुकडे करून ठेवा, एक 89 × 157 मिमीचा आयत आणि दुसरा 230 मिमी व्यासाची चकती. जिथून आयत जातो तिथून चकतीही गेली पाहिजे.

कारखान्यातल्या खेळण्यात फटी सरळ असतात. वाकड्या ओंडक्यांमध्ये एका टोकाला 70 मिमी असलेली फट दुसऱ्या टोकाला 120 होते. म्हणून प्रत्येक फट पूर्ण लांबीभर तपासा. झाडाची वरच्या दिशेने उघडणारी बेचकी चढायला मस्त असते, पण तिचा तळ अरुंद असेल तर मान त्यात खाली सरकते. तळात लाकडाचा तुकडा घट्ट बसवून बोल्टने जोडा. बोटांसाठी 8 ते 25 मिमीची छिद्रे आणि फटी टाळा. वाळून पडलेली भेग खाली निमुळती होत जाते, त्यामुळे बोट सहसा अडकत नाही. तरी हाताने पकडायच्या जागी ती असेल तर कडा गोल करा.

एका टोकाने बांधलेला लोंबता दोर नको, त्याचा फास होतो. दोर दोन्ही टोकांना ताणून बांधा. खेळताना हेल्मेट, ओढण्या आणि गळ्यातल्या दोऱ्या काढायला लावा. ही सूचना फलकावर लिहा.

पडण्याची जागा

1.5 मीटरपर्यंतच्या पडण्याच्या उंचीला भोवती 1.5 मीटर मोकळी जागा लागते. उंची वाढली की ती वाढते आणि 3 मीटरला 2.5 मीटर होते. 3 मीटरपेक्षा उंच काही बांधूच नका. गवत 1 मीटरपर्यंत पुरते, तेही गवत आहे तोवर. त्याच्या वर 5 ते 30 मिमीच्या लाकडी ढलप्या, 20 ते 80 मिमीच्या सालीचे तुकडे किंवा मातीचा अंश नसलेली धुतलेली वाळू (0.2 ते 2 मिमी) घ्या. 2 मीटर उंचीपर्यंत 20 सेंमी जाडी लागते, 3 मीटरपर्यंत 30, आणि दोन्हींवर पायांनी सरकणाऱ्या भागासाठी 10 सेंमी जास्त.

3 × 3 मीटरच्या आणि 1.5 मीटरपर्यंत उंच चढण्याच्या चौकटीचे गणित असे: भोवतीच्या पट्ट्यासह 6 × 6 म्हणजे 36 चौरस मीटर. 30 सेंमी जाडीला 10.8 घनमीटर, दबण्यासाठी पाचवा भाग जास्त धरून 13 घनमीटर. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) अंथरा, नाहीतर माती आणि ढलप्या मिसळून दोन वर्षांत सगळा थर घट्ट होतो. भुसा चालत नाही. तो भिजला की दगडासारखा बसतो. खांबांवर थराच्या पातळीची खूण कोरून ठेवा, मग भर कधी घालायची हे विचारावे लागत नाही.

वाळू, पाणी आणि सुटे सामान

वाळूच्या खड्ड्यात 40 ते 50 सेंमी वाळू, तिच्याखाली जिओटेक्स्टाइल आणि त्याखाली 15 सेंमी खडी. इथली वाळू वरच्यासारखी धुतलेली नको. थोडा बारीक अंश असेल तरच ओली मूठ आकार धरते. म्हणून खेळायची आणि पडण्याच्या जागेची वाळू वेगवेगळी मागवा. मांजरांपासून वाचवायला जाळीचे झाकण हवे. ताडपत्रीखाली वाळू घुसमटते आणि वास मारते.

पाण्यासाठी हातपंप आणि पोखरलेल्या अर्ध्या ओंडक्यांची पन्हाळ पुरे. दर मीटरला 2 ते 3 सेंमी उतार द्या आणि शेवट खडीच्या शोषखड्ड्यात करा. पंप थांबल्यावर काही मिनिटांत पाणी निघून गेले पाहिजे. अगदी उथळ पाण्यातही लहान मूल बुडू शकते, शिवाय डास होतात.

सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त खेळला जाणारा भाग म्हणजे सुटे सामान. डेन्मार्कचे भूदृश्य रचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या कल्पनेतून 1943 मध्ये कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात टाकाऊ सामानाचे क्रीडांगण उभे राहिले, तेव्हापासून हे वारंवार दिसले आहे. मुलांना तयार किल्ल्यापेक्षा किल्ला बांधायचे सामान हवे असते. 1 ते 1.2 मीटर लांबीच्या फळ्या, फांद्या, 5 ते 10 सेंमी जाडीच्या चकत्या, थोडे सुती कापड. एका मुलाला उचलता येईल इतकेच वजन ठेवा आणि फळ्यांतले खिळे उपटा. हे सामान दर महिन्याला फुटते आणि हरवते. ते खर्चात आधीच धरा.

लावणी करताना कण्हेर, पिवळी कण्हेर, घाणेरी, एरंड, धोत्रा आणि गुंज टाळा. लपायला कुंपणझुडपे हवीत, पण ती 90 सेंमीपर्यंत छाटा, म्हणजे मोठ्यांची नजर वरून जाते. नव्या रोपांना दोन हंगाम तात्पुरते कुंपण लागते.

देखभाल

गर्दीच्या ठिकाणी दररोज एक नजर टाका. फुटलेली काच, सरकलेल्या ढलप्या, तुटलेली फळी बघा. दर एक ते तीन महिन्यांनी नट आवळा, दोर चोळून पाहा आणि थराची जाडी मोजा. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर प्रत्येक खांबाची मुळापाशी तपासणी करा. भोवतीची खडी 20 सेंमी उकरा, हातोडीने ठोका, आवाज बोदा आला तर स्क्रूड्रायव्हर खुपसा. निरोगी गाभ्यात तो जेमतेम काही मिलिमीटर जातो. व्यासाच्या सहाव्या भागाइतका सहज आत शिरला तर वाट पाहू नका, खांब बदला. नुसते रंगवून किंवा सिमेंट लिंपून कूज झाकली जाते, थांबत नाही.

बांधतानाच खड्डे भरण्यापूर्वी प्रत्येक खांबाचा फोटो काढा. त्यात मोजपट्टी दिसू द्या. नकाशावर खांबाला क्रमांक देऊन त्यासमोर लाकडाची जात, खोली, बोल्टचे माप आणि बसवल्याची तारीख लिहा. खांब बदलायची वेळ येईल तेव्हा काम करणारी माणसे वेगळी असतील आणि खाली काँक्रीट आहे की खडी, हे त्यांना खणूनच शोधावे लागू नये.